मदत हवी आहे: ५ मीटरच्या प्रोब सिस्टमवर ९ मीटरचा ड्रायव्हर

बॉयलर फीड पंपाच्या ड्राइव्ह एंड बेअरिंगवर शाफ्टचं कंपन मोजणारे एडी करंट प्रोब आहेत, एक्स आणि वाय असे दोन चॅनल. त्यातल्या एक्सचा ड्रायव्हर (प्रोबचा सिग्नल व्होल्टेजमध्ये बदलणारा बॉक्स) गेलाय. प्रोब ८ मिमी, १ मीटर केबलचा. एक्स्टेंशन केबल ४ मीटर, एकूण ५; ड्रायव्हर या एकूण लांबीला जुळणारा लागतो. स्टोअरमध्ये फक्त ९ मीटरचा ड्रायव्हर आहे, मेक आणि सिरीज तीच.

तो बेंचवर जुन्याच केबलवर लावून मायक्रोमीटरने तपासला, टार्गेट (प्रोबसमोरचा धातू) ४१४० स्टीलचं. गॅप व्होल्टेज (प्रोब ते टार्गेट अंतर दाखवणारं) उणे १० व्होल्ट जुळवता येतं, पण स्केल फॅक्टर (अंतर बदललं की व्होल्टेज किती बदलतं) ७.८७ मिलिव्होल्ट प्रति मायक्रॉनच्या ±५ टक्क्यांत बसत नाही. त्यामुळे नुसता गॅप बरोबर दिसतोय म्हणून तसाच जोडणार नाही; अलार्म आणि ट्रिप (पंप आपोआप बंद होणं) दोन्ही चुकीच्या आकड्यावर येतील. सप्लाय उणे २४ व्होल्ट, प्रोब आणि कनेक्टर ठीक आहेत.

५ मीटरचा ड्रायव्हर यायला वेळ आहे. ८ मीटरची एक्स्टेंशन मात्र लगेच मिळतेय, म्हणजे एकूण ९ मीटर जुळतात. पंप थांबवता येणार नाही. प्रोबचा कनेक्टर केसिंगबाहेर आहे, वाय चॅनल चालू आहे, एक्सचं ट्रिप परवानगीने बायपास केलंय.

उरलेली ४ मीटर केबल जंक्शन बॉक्समध्ये गुंडाळून ठेवली तर चालत्या मशीनवर नॉइज किंवा ड्रिफ्ट येतो का? गुंडाळीचा व्यास कमीत कमी किती ठेवता?