कावा: लिव्हर आणि रात्री दोनपर्यंतची बैठक

पश्चिमवारा (ऑकलंड)
परवा एक पोस्ट वाचली. "फिजीची दारू कावा लिव्हर खाते. जर्मनीने २००२ साली बंदी घातली. परदेशातल्या मुलांना सांभाळा." तीन वाक्यं आणि तिन्ही अर्धवट. उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

ती दारू नाही. आंबवत नाहीत, भट्टी लावत नाहीत. मिरी आणि नागवेलीच्या कुळातलं झुडूप. त्याचं मूळ वाळवायचं, कुटायचं, फडक्यात बांधून थंड पाण्यात पिळायचं. रंग गढूळ, चव मातीची. करवंटीच्या वाटीला बिलो म्हणतात. ती हातात घेण्याआधी एक टाळी, एका दमात पिऊन झालं की तीन टाळ्या. दुसऱ्या बिलोला ओठ आणि जिभेचं टोक बधिर होतं, दंतवैद्याने टोचल्यासारखं. खांदे सैल पडतात, डोकं मात्र जागेवर राहतं. फिजीतल्या लौटोका शहरात चार वर्षं काढली. ग्रॉगच्या (तिकडे कावाला ग्रॉगही म्हणतात) बैठकीत कोणी कोणाच्या अंगावर धावून गेलेलं पाहिलं नाही.

जर्मनीत विकत होते त्या गोळ्या. अल्कोहोल नाहीतर ॲसिटोन वापरून काढलेला अर्क. पाण्यात पिळलेलं मूळ आणि हा अर्क एकच समजायचे का? २०१४ मध्ये तिथल्याच न्यायालयाने ती बंदी चूक ठरवली. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात पाण्यातल्या पारंपरिक कावाचा धोका स्वीकारता येईल इतका कमी म्हटलाय. इतकं सगळं असताना "लिव्हर खाते" एवढंच पुढे ढकलायचं, हे मला पटत नाही.

माजघर
न्यायालयाचं सांगितलंत, मग पुढचंही सांगा ना. जर्मनीने २०१९ मध्ये परवाने पुन्हा काढून घेतले.

आणि मी अहवालावर बोलत नाहीये. २००५-०६ मध्ये मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नेम लँडच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. १९८० च्या सुमारास तिथल्या आदिवासी वस्त्यांत कावा फिजीहून आणला, दारूला पर्याय म्हणून. एक बाई ड्रेसिंगला यायच्या. नडगीवरची कातडी सुकलेल्या मासळीसारखी, खवल्याखवल्यांची. हात फिरवला की पांढरा भुगा चादरीवर पडायचा. डोळे लाल, वजन उतरलेलं, लिव्हरच्या तपासण्या वाढलेल्या. कुठली गोळी नव्हती हो ती. पाण्यातलंच मूळ होतं.

पश्चिमवारा
२०१९ चं बरोबर, मी लिहायला हवं होतं. पण तेही गोळ्यांबद्दलच.
कातडीचं म्हणाल तर पिणं थांबवलं की ती सुधारते, हे तुम्हालाही ठाऊक असणार. आर्नेम लँडमध्ये नुसती भुकटी पोचली. कोणी कोणाला आधी द्यायचं, केव्हा थांबायचं, ही रीत बोटीतून आली नाही. लोक जेवण सोडून दिवसचे दिवस पीत बसले.

माजघर
सुधारते, मान्य. त्या बाईंची सुधारलेली मला बघायला मिळाली नाही. रीत असली की सगळं ठीक, हे मात्र तुमचं गृहीतक.

गवतीचहा
या रीतीबद्दल मी सांगते. माझं सासर फिजीतल्या नांदी शहराजवळ, उसाच्या शेतावर. गिरमिटियांचं, म्हणजे करारावर भारतातून आणलेल्या मजुरांचं घर, १९०० च्या आधी आलेले. दर मंगळवारी आमच्याकडे नाहीतर शेजारी रामायण मंडळी बसते. आधी पोथी, मग आरती, मग ओसरीवर तानोआ, म्हणजे कावा कालवायचं लाकडी पातेलं, मांडायचा. "हाय टाइड की लो टाइड?" (वाटी भरून की थोडी) करत वाट्या भरायच्या. नऊला सुरू झालेलं रात्री दोनला संपतं. पायरीवर वीस-वीस चपला. आत आम्ही भुजाच्या, म्हणजे फरसाणाच्या, ताटल्या भरतोय, चटणी वाटतोय, लहानग्यांना झोपवतोय. सकाळी ऊसतोड, आणि माणूस नऊपर्यंत उठत नाही. उठला तरी तोंड सुजलेलं, बोलणं नाही.

२०१६ च्या विन्स्टन वादळात कावाच्या बागा झोपल्या आणि त्याचा भाव कुठच्या कुठे गेला. तरी बैठक एक मंगळवार चुकली नाही. मुलीची शाळेची फी मात्र चुकली. लिव्हरवर हवे तेवढे अहवाल आणा. या रात्रींवर कोणी अहवाल काढलाय का?

रानवाट
ताई, हा दोष कावाचा की नवऱ्यांचा? आमच्या गावात पारावर नुसत्या चहावर मध्यरात्र करतात. उद्या चहावर बंदी घालायची?

गवतीचहा
बंदी हा शब्द मी लिहिलेला दाखवा. आणि चहा पिऊन माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो. बारा वर्षं मी ते पातेलं धुतेय, तुम्ही पारावरून मला शिकवू नका.

रानवाट
शिकवत नाहीये. पण आपल्या घरचं दुखणं उचलून एका समाजाच्या परंपरेवर टाकणं योग्य नाही. फिजियन गावात पाहुणा आला की वाकाची, म्हणजे कावाच्या मुळांची, जुडी पुढे ठेवून सेवुसेवू हा स्वागताचा विधी होतो. तंटा मिटवायला कावा, मयताला कावा, जन्माला कावा. वानुआतू या शेजारच्या बेटांच्या देशात मिशनऱ्यांनी टान्ना बेटावर कावा बंद पाडला होता, आणि लोकांनी तो हट्टाने परत आणला. उगाच?

गवतीचहा
माझा नवरा मिशनरी नाही आणि मीही नाही. सेवुसेवू दहा मिनिटांचा असतो. उरलेल्या पाच तासांना परंपरा म्हणू नका.

चांद्याचा
बंदीचा विषय निघालाच आहे तर ऐका. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. आमच्या गल्लीत दुधाच्या किटलीतून माल यायचा, दुप्पट भावाने. बाया आंदोलनाला बसल्या होत्या, माझी आईपण. तिचा हेतू खरा होता, पण घरातली बाटली काही गेली नाही. आर्नेम लँडमध्ये २००७ च्या बंदीनंतर चोरटा कावा यायला लागला असं वाचलंय. माजघर, तुम्ही सांगा, थांबला का?

माजघर
थांबला नाही. तिथल्या जुन्या सहकारी सांगतात की भाव चढला आणि पैसा वस्तीतून बाहेर जायला लागला. पण बंदीआधी काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून "बंदी फसली, सोडा" एवढंही मला म्हणवत नाही. तुमच्या आईंचं दुःख कळतं. चंद्रपूरवर वेगळं लिहा, खरंच वाचेन.

पश्चिमवारा
सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही: लिव्हरची भीती वाढवून सांगितली जाते. पण लौटोकातली एक गोष्ट मी वर टाळली, ती सांगतो. ग्रॉगनंतर "वॉशडाउन" म्हणून बिअर फोडायचे आणि मग गाडी काढायचे. मीही त्या गाडीत बसलोय. कावावर दारू हे लिव्हरलाही वाईट आणि रस्त्यावरही. इथे न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात अपोरोसा या संशोधकांनी भरपूर कावा प्यायलेल्यांची चाचणी घेतली. प्रतिक्रियेचा वेग टिकला, पण कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर, हे ओळखण्यात गडबड झाली. म्हणजे "डोकं जागेवर राहतं" हे माझं वाक्य तेवढं खरं नव्हतं. आधीच लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज पॅरासिटामॉल चालू असेल, तर हात लावू नये.

आणि चार वर्षांत आतल्या खोलीत काय चाललंय ते मी पाहिलं नाही. मी ओसरीवर होतो.

गवतीचहा, एक विचारू? तुम्ही स्वतः कधी प्यायलात?

गवतीचहा
एकदा. लग्नानंतर शेजारच्या फिजियन गावात वाकाची जुडी घेऊन गेलो होतो. गावातल्या एका म्हातारीने मला तिच्या शेजारी चटईवर बसवलं आणि बिलो हातात दिला. टाळ्या कशा वाजवायच्या ते तिने माझे तळवे धरून दाखवलं. ओठ बधिर झाले. फार शांत वाटलं, खरं सांगते. मग घरी आलो. बारा माणसं जेवायची होती, म्हणून मी आत गेले.