हद्द बांडगुळाभोवती

नेहमी मांडला जाणारा मुद्दा, की वाळवंटातले गाणारे पक्षी हद्द फक्त विणीच्या काळात राखतात आणि हिवाळ्यात थव्याने फिरतात, बऱ्याच जातींना लागू आहे. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातल्या फायनोपेप्ला या पक्ष्याला मात्र नाही. तिथे मेस्किट आणि आयर्नवुड या वाळवंटी झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाला हिवाळ्यात फळं येतात. हा पक्षी फळांनी लगडलेल्या झाडांची हद्द तेव्हापासूनच राखतो, इतरांना हुसकावतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथेच घरटं करतो. फळात पोषण कमी, म्हणून दिवसाला हजाराच्या आसपास फळं लागतात. पाणीही बहुतांशी त्यातूनच मिळतं. जठरात फळाची साल वेगळी निघते, हे तर विलक्षणच! पिल्लांना मात्र किडेही भरवावे लागतात.

उन्हाळा तापला, फळं संपली की पक्षी ओक आणि सिकॅमोरच्या रानात जातो. तिथे वागणं पार बदलतं: एकाच झाडावर अनेक जोड्यांची घरटी, राखण जेमतेम घरट्यापुरती, आणि चारा दूरच्या फळझुडपांवर. म्हणून वाळवंटातली गणना जूनमध्ये केली तर आकडा फसवा येतो. ती हिवाळ्यात करावी, आणि बांडगुळाखालच्या फांद्यांवर त्याच्या विष्ठेतून पडलेल्या चिकट बियांच्या लोंबत्या माळा दिसतात का तेही बघावं.