डिसेंबरातील मधुचंद्र: किनारे अनेक हवेत, पण धावपळ नको

प्रश्न (दादर)

नमस्कार. आमचा विवाह मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्यानंतर ९ ते २० डिसेंबर अशा अकरा रात्री आम्हां दोघांना मिळत आहेत. गेले चार महिने हॉलची नोंदणी, केळवणे, बस्ता आणि पत्रिका यांतच गेल्यामुळे दोघांचीही एकच इच्छा आहे की या अकरा दिवसांत कोणी आम्हांला पहाटे उठवू नये. समुद्र असावा, स्वच्छ वाळू असावी, दुपारी वाचत पडावे आणि संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसावे, एवढीच अपेक्षा आहे. मात्र अकरा रात्री एकाच हॉटेलात काढणेही कंटाळवाणे होईल असे वाटते, म्हणून तीन-चार मुक्काम असावेत असा विचार आहे.

एका पर्यटन कंपनीने आम्हांला थायलंडचा जो कार्यक्रम दिला आहे, त्यात बँकॉक, पट्टाया, फुकेत, फी फी, क्राबी आणि को सामुई अशी सहा ठिकाणे आहेत. कागदावर तो भरगच्च दिसतो, पण तो वाचूनच मला दमायला झाले. घरच्यांचे म्हणणे असे की एवढे पैसे खर्च करून जायचे तर सगळे पाहून यावे. आमचे मन तसे सांगत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. माझ्या होणाऱ्या पत्नीला बोट लागते, अगदी गेटवेहून मांडव्याला जातानाही तिला त्रास होतो. आणि मी पूर्ण शाकाहारी आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर (विलेपार्ले)

आपल्या मनाने जे सांगितले आहे तेच योग्य आहे, असे मी स्वानुभवावरून सांगतो. लग्नानंतर आम्ही दहा रात्रींत पाच मुक्काम केले होते, आणि परत आल्यावर आठवत राहिले ते किनारे नव्हे, तर बॅगा भरणे, धक्क्यावर रांगेत उभे राहणे आणि खोली मिळेपर्यंत हॉटेलच्या दारात ताटकळणे. मुक्काम हलवण्याचा दिवस हा सुट्टीचा दिवस म्हणून धरूच नये. बारा वाजता एक खोली सोडायची आणि दोन-तीन वाजता दुसरी मिळायची, यामध्ये प्रवास अवघा तासाभराचा असला तरी दिवसाचा गाभा निघून जातो. सहा ठिकाणे म्हणजे असे पाच दिवस गेले, शिवाय येण्याजाण्याचे दोन वेगळेच. म्हणून आधी ठिकाणांची यादी न करता रात्री मोजाव्यात, आणि कोणत्याही मुक्कामाला तीनपेक्षा कमी रात्री देऊ नयेत.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि तो ठिकाणाच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे. थायलंडच्या दक्षिण भागाला दोन समुद्र लागतात. पश्चिमेला अंदमान समुद्र आहे, त्यावर फुकेत, क्राबी आणि लांता येतात. पूर्वेला थायलंडचे आखात आहे, त्यात को सामुई येते. आपल्याकडे चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जो ईशान्य मोसमी पाऊस पडतो, तोच वारा सामुईवरही पाऊस आणतो. तेथे नोव्हेंबर हा सर्वांत ओला महिना असतो आणि डिसेंबरातही पावसाचा भरवसा देता येत नाही. पश्चिम बाजूला मात्र त्याच वेळी कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, कारण तिकडचा पाऊस मे ते ऑक्टोबर असा आपल्यासारखाच नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा सामुई निःसंकोच वगळावे. बँकॉक आणि पट्टाया ही शहरे आहेत, ती आपल्या अपेक्षेत बसतच नाहीत.

मी असा मार्ग सुचवीन. मुंबईहून फुकेतला थेट विमानाने उतरावे, पण फुकेतमध्ये न थांबता ईशान्येकडील बांग रोंग धक्क्यावरून को याओ नोई या बेटावर जावे. जलद बोटीने सुमारे अर्धा तास लागतो आणि हा सगळा मार्ग फांग न्गा उपसागराच्या आत असल्यामुळे लाटा सहसा मोठ्या नसतात. हे बेट मुख्यतः मुस्लिम मासेमारांचे आहे. तेथे रात्रीचा गोंगाट नाही, भातशेती आणि रबराच्या बागा आहेत, आणि झाडांवर मोठे धनेश पक्षी दिसतात. पोहण्यासाठी हा किनारा उत्तम नाही, कारण ओहोटीला पाणी दूर जाते आणि चिखल उघडा पडतो, हे आधीच जाणून घ्यावे. पण उपसागरात उभे असलेले चुनखडीचे सुळके पहाटे खोलीच्या ओट्यावरून पाहणे हे लग्नाच्या धावपळीनंतर जे हवे असते तेच आहे. येथे तीन रात्री.

त्यानंतर राइले. ही जागा मुख्य भूमीवरच आहे, पण भोवती चुनखडीचे कडे असल्यामुळे तेथे रस्ता जात नाही. क्राबीच्या किनाऱ्यावरील आओ नांग गावाहून लांब शेपटीच्या लाकडी होडीने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येते. दिवसा साधारण दहापासून दुपारी चारपर्यंत सहलीच्या होड्यांची गर्दी असते, आणि म्हणूनच तेथे मुक्काम करण्यात अर्थ आहे, कारण सकाळ आणि संध्याकाळ राहणाऱ्यांच्याच वाट्याला येते. जवळच प्रा नांग किनाऱ्यावर एक गुहा आहे. तेथे कोळी लोक सागराच्या देवीला नवस म्हणून लाकडी लिंगाकृती अर्पण करतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला त्यातील भाव लगेच ओळखू येतो, म्हणून ती जागा फोटोपुरती न पाहता थोडे थांबून पाहावी. एक व्यावहारिक सूचना अशी की ओहोटीला होडी वाळूपर्यंत येत नाही आणि गुडघाभर पाण्यातून सामान न्यावे लागते. चाकांच्या मोठ्या बॅगेऐवजी पाठीवर घेता येईल असेच सामान न्यावे. येथेही तीन रात्री.

उरलेल्या पाच रात्री को लांता बेटावर काढाव्यात. पश्चिमेकडे तोंड करून लांबच लांब किनारे आहेत, त्यामुळे रोज सूर्यास्त समोर होतो. पूर्वेला जुने लांता गाव आहे, तेथील लाकडी घरे खांबांवर पाण्यात उभी आहेत. आपल्या पत्नींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की लांताला प्रवासी बोटीने जाण्याची गरजच नाही. क्राबीहून गाडी सुटते, ती एकदा थोड्या मिनिटांच्या मोटारवाहू बोटीवर चढते आणि लांता नोई व लांता याई या लांताच्या दोन बेटांमधील पुलावरून पलीकडे जाते. गाडीतून उतरायचेही नाही. विमानतळापर्यंत दोन तासांहून थोडा अधिक वेळ धरावा आणि परतीचे विमान क्राबीहून घ्यावे, म्हणजे फुकेतला मागे यावे लागणार नाही.

फी फी येथे मुक्काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील माया बे हा प्रसिद्ध किनारा पाहण्याची फारच इच्छा असेल तर एक दिवसाची फेरी पुरे. अतिगर्दीने प्रवाळ खराब झाल्यामुळे तो किनारा २०१८ मध्ये बंद केला होता आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडला. आता होड्या मागच्या बाजूला लागतात आणि पाण्यात पोहू देत नाहीत. त्या फेरीसाठी खुला समुद्र ओलांडावा लागतो, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे उत्तर (गिरगाव)

वरील मार्ग चांगला आहे, मी केवळ कागदपत्रांविषयी लिहिते, कारण त्यात आमची फजिती झाली होती. लग्नाच्या गडबडीत आम्ही तिकिटे माझ्या नव्या आडनावाने काढली आणि पासपोर्टवर माहेरचे नाव होते. शेवटच्या क्षणी तिकिटे रद्द करून पुन्हा काढावी लागली. तिकीट, हॉटेल आणि प्रवेशाचे अर्ज हे सर्व पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने, अक्षरांतही फरक न करता असावेत. नाव बदलायचेच असेल तर प्रवासाच्या आधी अर्ज करू नये, परत आल्यावर करावा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांहून अधिक शिल्लक आहे ना, तेही आजच पाहून घ्यावे. थायलंडसाठी मे २०२५ पासून आगमनाचे डिजिटल कार्ड सक्तीचे झाले आहे. ते पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचे असते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. पैसे मागणारी सारख्या दिसणारी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

तिसरे उत्तर (बोरिवली)

बोट लागणाऱ्या व्यक्तीसाठी मी श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा अधिक योग्य मानतो, आणि याचा विचार आपण अवश्य करावा. तेथे मुक्काम बदलताना एकदाही समुद्रावर जावे लागत नाही. कोलंबोहून गॉलकडे जाणारी रेल्वे बराच वेळ अगदी पाण्याच्या कडेने धावते. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. बेंटोटा, उनावटुना आणि तंगल्ल असे तीन मुक्काम केले तर प्रत्येक टप्पा दोन-अडीच तासांच्या आत उरकतो. डिसेंबर ते मार्च हा या किनाऱ्याचा चांगला काळ असतो. डिसेंबरात पूर्वेकडील त्रिंकोमालीला मात्र पाऊस असतो, म्हणून तिकडे जाऊ नये.

उनावटुनाचे वैशिष्ट्य असे की तो उपसागर प्रवाळामुळे थोडा सुरक्षित आहे, त्यामुळे ज्यांना चांगले पोहता येत नाही त्यांनाही पाण्यात उतरता येते. मिरिस्सासारख्या उघड्या किनाऱ्यांवर ओढ जोराची असते. जवळचा गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डच लोकांनी तो बांधून पुरा केला. त्याची तटबंदी आजही वस्तीची आहे. संध्याकाळी शाळेची मुले, नमाजाहून परतणारी माणसे आणि फिरायला आलेली कुटुंबे एकाच तटावर भेटतात. वसईचा आणि रेवदंड्याचा किल्ला पाहिलेल्या आपल्यासारख्यांना, तसाच पोर्तुगीज पायाचा किल्ला नांदता असता तर कसा दिसला असता, हे तेथे पाहायला मिळते. शाकाहारी माणसाला तर थायलंडपेक्षा येथे कितीतरी सोपे जाते, कारण भात, वरणासारखी परिप्पू आणि नारळाच्या दुधातील भाज्या सर्वत्र मिळतात. मात्र सांबोल या नारळाच्या चटणीत बहुधा सुके मासे घातलेले असतात, तेवढे विचारून घ्यावे.

चौथे उत्तर (ठाणे)

पासपोर्टचा विषयच नको असेल तर अंदमान आहे. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, आणि शहीद द्वीप, म्हणजे नील, या दोन बेटांवर मिळून सात-आठ रात्री सहज आनंदात जातात. राधानगरचा किनारा मी आजवर पाहिलेल्या किनाऱ्यांत सर्वांत सुंदर आहे. एवढे लक्षात ठेवावे की घड्याळ आपलेच असले तरी बेटे खूप पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वाजता पोहोचून किनाऱ्यावर संध्याकाळ घालवू असा बेत केला तर अंधारच हाती लागतो. बोटीचा प्रवास मात्र येथे टळत नाही. राजधानीपासून स्वराज द्वीपापर्यंत दीड-दोन तास खुल्या समुद्रातून जावे लागते, म्हणून आपल्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही.

प्रश्नकर्ता (दादर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही दोघांनी बसून प्रत्येक मार्गात किती वेळा सामान बांधावे लागेल हे मोजले. गॉलचे वर्णन वाचून मी श्रीलंकेकडे झुकलो होतो, पण तिला राइलेचे कडे पाहायचे आहेत आणि पंधरा मिनिटांची होडी ती सहन करीन म्हणते. त्यामुळे को याओ नोई तीन, राइले तीन आणि लांता पाच असे ठरवले आहे. माया बे वगळले. सहा ठिकाणांचा कार्यक्रम देणाऱ्या कंपनीला आज नकार कळवला. आता दोनच शंका उरतात, त्या होड्यांत काय काळजी घ्यावी, आणि मी जेवावे काय?

पहिले उत्तर देणारे (विलेपार्ले)

निवड उत्तम झाली. होडी सकाळची घ्यावी, कारण दुपारनंतर वारा वाढतो. पुढच्या टोकाला न बसता मध्यभागी किंवा मागे बसावे, दृष्टी क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइल हातात घेऊ नये. उलटीवरील गोळी डॉक्टरांना विचारून आधी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. घरून आलेपाकाच्या वड्या न्याव्यात, त्याचा माझ्या पत्नीला खरोखर उपयोग झाला.

जेवणासाठी ‘जे’ हा एक शब्द लक्षात ठेवावा. नुसते शाकाहारी म्हटले तरी तेथे पदार्थात माशांचा रस, म्हणजे नाम प्ला, घातला जातो, कारण ते त्याला मिठासारखेच समजतात. ‘जे’ म्हटले की मांस, मासे, अंडी, दूध आणि त्यासोबत कांदा-लसूणही वर्ज्य होते, जसे आपल्याकडे चातुर्मासात अनेक घरी असते. असे जेवण देणाऱ्या दुकानावर पिवळे निशाण आणि त्यावर लाल अक्षर असते. जुन्या लांता गावाकडे जाताना आणि क्राबीच्या बाजारात अशी निशाणे शोधावीत, आणि को याओ नोईच्या हॉटेलला खोली घेतानाच हे लिहून कळवावे, म्हणजे पहिल्या दिवशी पोहोचताच ताट तयार असेल.