पीसीएलमध्ये हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट: 20 टक्क्यांवरच नोझल तुंबतं, 40 वर कसं जायचं?

कलाभवनचा_विद्यार्थी
नमस्कार मंडळी. बडोद्यात एमटेक करतोय, विषय हाडाच्या ग्राफ्टसाठी थ्रीडी प्रिंट केलेले स्कॅफोल्ड, म्हणजे नवं हाड आत वाढावं म्हणून बसवायचे सच्छिद्र सांगाडे. पीसीएलचे (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरणारं प्लास्टिक) दाणे आणि हाडातल्या खनिजासारख्या हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटची पावडर कोरडीच हलवून घेतो आणि लॅबच्या सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडरमधून वितळवून फिलामेंट (प्रिंटरला लागणारी तार) काढतो. वजनाने 20 टक्के पावडर घातली तरी 0.4 मिमीचं नोझल मध्येच तुंबतं, आणि एकाच फिलामेंटच्या ठोकळ्यांची दाबशक्ती एकमेकांशी जुळत नाही. खऱ्या हाडात खनिज वजनाने 65 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून सर म्हणतात 40 वर जा. नोझल मोठं घेऊ का?

मकरपुऱ्याचा_कंपाउंडर
नोझल राहू दे, आधी मिश्रण बघ. मी मकरपुरा जीआयडीसीत फिलर भरलेलं प्लास्टिक काढतो. आमच्याकडे कॅल्शियम कार्बोनेट, तुझ्याकडे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, दुखणं एकच. पिठल्यात बेसन कोरडंच टाकलं की गुठळ्या होतात, तसं हे चाललंय. सिंगल स्क्रू माल पुढे ढकलतो, गुठळी फोडत नाही. तीच गुठळी नोझलमध्ये अडकते, आणि ठोकळ्यात राहिली तर तिथूनच तडा जातो. तुझे आकडे जुळत नाहीत ते म्हणूनच.

पावडर 120 अंशांवर रात्रभर सुकव. ट्विन स्क्रू मिळाला तर उत्तम. नाहीतर पीसीएल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळव, पावडर त्यातच अल्ट्रासॉनिकवर फोड, पातळ थर ओतून सुकव आणि तुकडे करून मग एक्स्ट्रूडरला दे. सुकवताना व्हॅक्यूम ओव्हन 40 अंशांच्या वर नेऊ नकोस, पीसीएल 60 ला वितळतं. क्लोरोफॉर्म उरला तर पेशी मरतील, तेव्हा इथे घाई नको.

आता खरं काम. फिलामेंटच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा तुकडा घे, वजन कर, क्रुसिबलमध्ये ठेवून मफल फर्नेसला 600 अंशांवर जाळ. पीसीएल उडून जातं, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट मागे राहतं. पांढरी राख तोल. तिन्हीकडे 20 च्या जवळ आली पाहिजे. एकीकडे 14 आणि दुसरीकडे 25 आली, तर तू 20 टक्क्यांचा माल तपासतच नाहीयेस. आमच्याकडे ॲश टेस्ट झाल्याशिवाय लॉट गेटबाहेर जात नाही.

आणि वजनाच्या टक्क्यांवर भुलू नकोस. पावडरची घनता 3.16, पीसीएलची 1.15 च्या आसपास. वजनाने 20 म्हणजे आकारमानाने जेमतेम 8 टक्के, 40 म्हणजे साधारण 20. एवढ्यातच तुंबतंय म्हटल्यावर दोष प्रमाणाचा नाही.

जबड्याची_डॉक्टर
काकांचं मिश्रणाचं पटलं. मी जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, म्हणून विचारते: हे बसवायचं कुठे? मांडीच्या हाडाच्या कडक भागाची दाबशक्ती 100 मेगापास्कलच्या वर असते. सच्छिद्र पीसीएल तिथवर जाणार नाही, त्यामागे लागूही नका. आतल्या जाळीदार हाडाची 2 ते 12 च्या घरात असते. दात काढल्यावरची पोकळी भरायची तर हे लक्ष्य पुरेसं आहे.

मला ताकदीआधी छिद्रं हवीत, 300 मायक्रॉनच्या वरची आणि एकमेकांत उघडणारी. रक्तवाहिन्या आत शिरल्या नाहीत तर मधला भाग तसाच मृत राहतो. शिवाय पीसीएल पाण्याला जवळ करत नाही, स्कॅफोल्डवर रक्ताचा थेंब पसरत नाही. पृष्ठभागावरची पावडर इथे कामाला येते, पण ती पीसीएलच्या पापुद्र्याखाली दडते. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून धुतलं तर उघडी पडते.

निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) मात्र विसरा. 121 अंशांवर हातात नुसता लगदा येईल. ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅस किंवा गॅमा किरण, असं आत्ताच ठरवा.

पीसीएल शरीरात विरायला दोन-तीन वर्षं लागतात, भट्टीत भाजलेलं हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट त्याहूनही टिकतं. तिथे पुढे दाताचं इम्प्लांट बसवायचं असेल तर निम्मी पावडर बीटा-टीसीपीची (ट्रायकॅल्शियम फॉस्फेट) घेऊन बघा, ती लवकर विरते.

कलाभवनचा_विद्यार्थी
डॉक्टर, पोकळी भरायचंच धरतो, सरांना तसं सांगेन. काका, तुमच्या ट्विन स्क्रूवर एखादा किलो काढता येईल का?

मकरपुऱ्याचा_कंपाउंडर
मेकॅनिकल टेस्टपुरतं जरूर काढू, बॅरल साफ करून देईन. पण त्या मालावर पेशी वाढवू नकोस. आमच्या स्क्रूवरून टाल्क, कार्बन ब्लॅक सगळं जातं, त्याचा अंश राहतोच. पेशींसाठीचा माल क्लोरोफॉर्मच्या वाटेनेच काढ. 40 टक्क्यांचं फिलामेंट रिळावर गुंडाळताना मोडायला लागलं तर फिलामेंटच सोड आणि तापवलेल्या सिरिंजमधून दाबून प्रिंट कर. आधी ती तीन तुकड्यांची राख काढून आकडे इथे टाक.