ती बरोबरी नशिबाची नव्हती

क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेत एक प्यादं जास्त असूनही तुमचा डाव बरोबरीत सुटला आणि ते काळ्याचं नशीब, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. तुमचा राजा डी५ या घरावर, प्यादं ई५ वर, हत्ती एच७ वर. त्याचा राजा ई८ वर, हत्ती ए६ वर. हा तर फ्रेंच खेळाडू फिलिडोरने दाखवलेला, हत्ती-प्याद्याच्या शेवटच्या टप्प्यातला बचाव, अठराव्या शतकापासून माहीत असलेला! सहाव्या रांगेतला तो हत्ती तुमच्या राजाला पुढे येऊ देत नाही. प्यादं ई६ वर सरकलं की हत्तीने लगेच ए१ गाठायचं आणि मागून शह देत राहायचे. राजाला लपायला ई६ हेच घर होतं, तिथे आता त्याचंच प्यादं बसलेलं. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने नेमकं हेच केलं, तेही घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना. मनापासून दाद द्यावी असा खेळ!

अशाच स्थितीत मी एकदा घाबरून हत्ती आठव्या रांगेत, राजाशेजारी नेला आणि हरलो. मधल्या प्याद्यापुढे तो बचाव टिकत नाही.

तुमची जिंकायची संधी बहुधा आधीच गेली, हत्तींची मारामारी, म्हणजे अदलाबदल, टाळलीत तेव्हा. तिथून नुसत्या राजा-प्याद्यांचा डाव मांडून बघाच.