विषय: गाडीच्या ट्रंकमधली (डिकीतली) बॅटरी घरी बदलता येते का?

नमस्कार मंडळी,

शनिवारी संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर शाळेच्या पार्किंगमध्ये जे जे थांबले त्यांचे आधी मनापासून आभार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमची २०१४ ची बीएमडब्ल्यू ५३५ रात्री साडेदहाला चालूच होईना, डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकले, टकटकटक आवाज आला आणि मग सगळं बंद. बाहेर बोटं बधिर करणारी थंडी, मुलगा झोपेला आलेला आणि मंडळाची हार्मोनियम ट्रंकमध्ये अडकलेली, कारण ट्रंकचं बटणही बॅटरीवरच चालतं. दोघातिघांनी धक्का मारायची तयारी दाखवली पण ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. शेवटी एका दादांनी बॉनेट उघडून तिथल्या टोकांना त्यांच्या गाडीवरून केबल लावली आणि आम्ही घरी पोचलो.

डीलरने बॅटरी बदलायचे ७५० डॉलर सांगितलेत. बॅटरी गाडीबरोबर आलेली मूळचीच आहे, त्यामुळे ती संपली यात काही नवल नाही, पण ७५० जास्त वाटतात. घरी बदलता येते का? आणि नवीन बॅटरी घातली की ते गाडीला कळवावं लागतं असं कोणीतरी म्हणालं, ते नक्की काय असतं?

नेपरव्हिलहून

---

ताई, इतका विचार कशाला करताय, पार्ट्सच्या दुकानातून बॅटरी घ्या, ते पार्किंगमध्येच फुकट बसवून देतात. आमच्या टोयोटा कॅमरीची १० मिनिटांत झाली.

ऑरोराहून

---

नमस्कार,

वरच्या उत्तरातलं कॅमरीपुरतं बरोबर आहे. पण बॅटरी ट्रंकमध्ये असली किंवा बदलल्यावर कॉम्प्युटर लावायचा असला की बरीच दुकानं नाही म्हणतात, तेव्हा जायच्या आधी फोन करून विचार. माझं विचारशील तर घरीच कर. मी पिंपरीत असल्यापासून गाड्यांवर काम करतोय आणि तुझ्याच मॉडेलची बॅटरी मी स्वतः दोनदा बदलली आहे.

आधी बॅटरीच गेली आहे ना याची खात्री कर. गाडी लॉक करून किमान तासभर तशीच ठेव, कारण बंद केल्यावरही आतले कॉम्प्युटर बराच वेळ जागे असतात. मग बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लाव. चांगली भरलेली एजीएम बॅटरी (तुझ्या गाडीतला प्रकार, यात अ‍ॅसिड काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं) १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी चालू करून पुन्हा बघ, १३.५ ते १४.८ च्या मध्ये आकडा आला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा भाग, ठीक आहे. तो १२ वरच राहिला तर नवीन बॅटरी घालूनही आठवड्यात पुन्हा हीच रात्र येईल.

आता कळवण्याचं. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीत बॅटरी म्हणजे एक डबा होता, दर दोन महिन्यांनी झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर पांढरा फुलोरा आला की गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून धुवायचं आणि वर व्हॅसलीन फासायचं. तुझ्या गाडीत बॅटरीच्या मायनस टोकावर एक छोटा सेन्सर असतो, तो करंट, व्होल्टेज आणि तापमान सतत मोजतो आणि बॅटरी किती म्हातारी झाली त्याचा हिशोब गाडी ठेवते, त्यानुसार चार्जिंग कमीजास्त करते. बॅटरी बदलली आणि कळवलंच नाही तर गाडी नव्या बॅटरीलाही दहा वर्षांची समजून चार्ज करत राहते आणि ती लवकर खराब होते. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ओबीडीचा (गाडीचा कॉम्प्युटर वाचायच्या सॉकेटमध्ये लावायचा) एक छोटा अडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप एवढ्यावर होतं, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे अडॅप्टर आहे, घेऊन जा.

बॅटरी घेताना जुनीचं लेबल वाच आणि तेवढ्याच अ‍ॅम्पिअर-अवरची (म्हणजे क्षमतेची) एजीएमच घे, या गाडीला बहुधा ९० ची असते, दुकानात एच८ किंवा ग्रुप ४९ म्हणून मागायची. स्वस्त पडते म्हणून साधी लेड-अ‍ॅसिड घालू नकोस. सिग्नलला इंजिन बंद होऊन परत सुरू होणाऱ्या गाडीत ती टिकत नाही, शिवाय प्रकार किंवा क्षमता बदलली की नुसतं रजिस्ट्रेशन पुरत नाही, कोडिंगही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली बॅटरीच्या प्रकाराची आणि क्षमतेची नोंद, बदलावं लागतं. बनवल्याची तारीखही बघ, वर्षभर शेल्फवर पडलेली घेऊ नकोस. सीसीए म्हणजे उणे १८ सेल्सिअसला ती ३० सेकंद किती करंट देऊ शकते तो आकडा, आपल्या शिकागोत त्यात काटकसर नको. ३० जानेवारी २०१९ आठवतं ना, ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला होता, त्या सकाळी आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या हलल्या नव्हत्या. खरं तर बॅटरीची झीज उन्हाळ्यातल्या उष्णतेने होते, थंडीत फक्त ते उघडं पडतं.

बदलताना १० आणि १३ चे सॉकेट लागतील. आधी मायनस काढायचं आणि लावताना मायनस शेवटी. सेन्सरवर जोर देऊन, स्क्रूड्रायव्हर घालून उपटायचं अजिबात नाही, तो मोडला तर वेगळा खर्च. प्लसच्या टोकावर एक सेफ्टी जोडणी असते, तिच्यात बारूद असते, अपघात झाला की ती उडून इंजिनकडे जाणारी केबल तोडते, म्हणून तिथे ठोकाठोक नको. बाजूला एक बारीक नळी लागलेली दिसेल, चार्ज होताना निघणारा वायू त्या नळीतून बाहेर जातो, नवी बॅटरी बसवली की ती आठवणीने परत लाव. बॅटरी बंद ट्रंकमध्ये आहे, त्यामुळे ही नळी फार महत्त्वाची आहे. आणि बॅटरी सुटलेली असताना ट्रंक बंद होऊ देऊ नकोस! लॉकवर टॉवेल टाकून ठेव.

शेवटचं, ही बॅटरी साधारण ६० पौंडांची असते आणि वाकून उचलावी लागते. एकटीने उचलू नकोस, कंबर धरेल. मला बोलव.

शॉमबर्गहून काका

---

काकांच्या मेलमध्ये थोडी भर. आमच्या जुन्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये मोठी बॅटरी बदलून झाली तरी बॅटरीचा लाल मेसेज जाईना, आठ दिवस डोकं खाल्लं त्याने. नंतर कळलं की गाडीत दुसरी छोटी बॅटरीही आहे आणि मेसेज तिचा होता. मर्सिडीजवाल्यांनी मेसेज नीट वाचावा, त्यात ऑक्झिलरी (म्हणजे ती छोटी, जोडीची) लिहिलं असेल तर मोठीवर पैसे घालू नका.

वहिनी, ऑरोरा

---

काका आणि सगळेच,

रविवारी झालं काम! मीटरवर ११.९ आलं, चालू केल्यावर १४.४, म्हणजे अल्टरनेटर ठीक. काका दुपारी दोनला आले, बॅटरी त्यांनी आणि मी मिळून उचलली, मुलाने टॉर्च धरला आणि सुटलेला प्रत्येक नट मुरमुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवला. जुनीच्या लेबलवर २०१४ चंच साल होतं, त्यावर हात फिरवताना खरंच वाटलं की हिने खूप साथ दिली, मुलगा सव्वा वर्षाचा होता तेव्हापासून.

ती वायूची नळी जुन्या बॅटरीच्या भोकात घट्ट बसली होती, ओढली तर तुटेल असं वाटलं, म्हणून हेअर ड्रायरने थोडी ऊब देऊन हलक्या हाताने फिरवत काढली. बाकी कुठे अडलं नाही. रजिस्ट्रेशनला अ‍ॅपने आधी बॅटरीचा प्रकार विचारला, मग एक बारीक बीप झाला आणि संपलं. घड्याळ आणि तारीख परत लावावी लागली, खिडक्या एका बोटाने वर जाईनात म्हणून बटण वर धरून प्रत्येकीला पुन्हा शिकवलं, आणि स्टिअरिंगचा पिवळा दिवा आला तो चाक एकदा पूर्ण डावीकडे नि पूर्ण उजवीकडे फिरवल्यावर गेला.

बॅटरीला २६० डॉलर लागले, शिवाय घेताना २२ डॉलर डिपॉझिट घेतलं होतं ते जुनी परत दिल्यावर मिळालं, ती रीसायकलला जाते. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, तिच्यात शिसं आणि अ‍ॅसिड आहे.

काका, अडॅप्टर माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी मराठी शाळेत आणते, हार्मोनियमही आणते. वेस्टमाँटच्या एका काकूंनी अडॅप्टर मागितलाय, त्यांना दिला तर चालेल ना?

नेपरव्हिलहून