मदत हवी आहे: बर्फाचा खालचा थर कच्चा असताना उतार ओलांडावा का?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आमचा चौघांचा गट स्कीवरून एका खिंडीपर्यंत जाणार आहे, आणि वाटेतल्या हिमस्खलनाच्या धोक्याबद्दल आमचं एकमत होत नाहीये.

बर्फात खड्डा खणून पाहिला. वरचा साधारण ६० सेंमीचा थर वाऱ्याने घट्ट बसलाय, फावड्याने अख्खा ठोकळा निघतो. त्याखाली मात्र साखरेसारखे सुटे दाणे. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, बोटांतून गळून जातात. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (बर्फाचा खांब कापून त्यावर फावडं ठेवायचं आणि वरून वाढत्या जोराने थापा मारायच्या) मनगटाच्या आणि कोपराच्या थापांना काहीच झालं नाही. खांद्यातून थापा मारल्यावर थर सुटला, पण सुटला तो एकदम, गुळगुळीत.

एकजण म्हणतो, एवढा जोर लागला म्हणजे बर्फ भक्कम आहे. मला हे अजिबात पटत नाही. भेग पसरते का, ते जास्त महत्त्वाचं. शिवाय खडकांजवळ वरचा थर पातळ असतो, तिथे एका माणसाचं वजनही पुरतं.

सध्या हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी ५ पैकी ३ आहे. नेहमीची वाट ३५ अंशांच्या उतारावरून जाते. दुसरी वाट २५ अंशांची आहे, पण तिच्या डोक्यावर तोच तीव्र उतार येतो, आणि असा थर खालून चालतानाही दुरून सुटू शकतो. बीकन (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं सगळ्यांकडे आहे. पण ते थर सुटल्यानंतरचं झालं.

एक्स्टेंडेड कॉलम टेस्टवर (रुंद खांबाच्या एका टोकाला थापा मारून भेग दुसऱ्या टोकापर्यंत पसरते का ते पाहतात, त्या चाचणीवर) तुम्ही कितपत विसंबता? आणि असा दाणेदार थर बसायला किती थांबता, की त्या दिशेचे उतार सरळ सोडूनच देता?